तहकुबी, सूट आणि तगाई : आपत्तीनंतरच्या वर्षाचा गृहसंकल्प



आपल्या सोलापुरात येणाऱ्या वर्षाचे भाकीत सर्वांच्या आधी एक वासरू सांगते. गड्ड्याच्या यात्रेत, सिद्धेश्वरांच्या विवाहाच्या अक्षता पडून होमप्रदीपन झाले, की दिवसभर उपाशी ठेवलेले वासरू मानकरी पुढे आणतात, त्याच्यासमोर धान्ये, गूळ, गाजर इत्यादी जिन्नस मांडतात, आणि ते कशाला तोंड लावते, कशाकडे पाठ फिरवते, बिथरते की शांत राहते, यावरून पाऊसमानाचे आणि बाजारभावाचे अनुमान जाहीर होते. हिला आपण भाकणूक म्हणतो. तिच्या खरेखोटेपणाचा खल आज करावयाचा नाही. माझे लक्ष वेधले ते एवढ्याच गोष्टीकडे, की शतकानुशतके चालत आलेल्या या विधीत पाऊस विचारला जातो, ज्वारीचा भाव विचारला जातो, पण घराविषयी एक अक्षरही विचारले जात नाही. हे योग्यच आहे, असे मला वाटते. पाऊस आणि भाव आपल्या हाती नाहीत, म्हणून ते वासराला विचारावेत. घर बव्हंशी आपल्या हाती आहे, म्हणून त्याचा जाब आपणच आपल्याला विचारावा.

हा विषय मी याच वर्षी घेतला त्याचे कारण सभागृहात बसलेल्या कोणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या जिल्ह्याने पिढ्यान्पिढ्या आकाशाकडे डोळे लावून दिवस काढले, १९७२ च्या अवर्षणात जेथील स्त्रीपुरुष खडी फोडून जगले, त्याच जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, माढा, मोहोळ, उत्तर व दक्षिण सोलापूर या तालुक्यांतील नदीकाठच्या गावांत पाणी शिरले, आणि उभ्या पिकांबरोबर कित्येक ठिकाणी शेतातील मातीही वाहून गेली. सरकारी पंचनाम्यात अशा रानाला ‘खरडून गेलेली जमीन’ म्हणतात. पीक गेले तर पुढल्या हंगामाची आशा असते. मातीच गेली तर आशा धरावयाची ती कशावर, असा प्रश्न त्या कुटुंबांपुढे आहे. यंत्रमाग बंद पडून ज्यांचा मुलगा पुण्याला गेला, ज्यांच्या घरी टाळेबंदीपासून चढलेले व्याज अद्याप उतरलेले नाही, अशी शहरातील घरेही याच पंक्तीला बसलेली आहेत. १९ मार्च २०२६ च्या पाडव्याला सुरू होणाऱ्या शके १९४८ चे नाव पंचांगात ‘पराभव’ असे आहे. पण त्या नावाने कोणी बिचकण्याचे कारण नाही, साठ वर्षांनी तेच नाव फिरून यावयाचे, हा पंचांगाचा नित्यक्रम आहे.

पाडव्याला ‘वर्षारंभ’ म्हणताना आपण एक गोष्ट विसरतो. एका घरात वर्ष एकच नसते. शेतावरच्या सालगड्याचे साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत ठरते, पेठेतल्या व्यापाऱ्याची नवी वही दिवाळीच्या पाडव्याला पूजली जाते, सरकारचे आणि बँकेचे वर्ष एप्रिलच्या पहिल्या तारखेस सुरू होते, मुलांचे जूनमध्ये, आणि ऊसतोडणी कामगाराचे, दसरा झाला की उचल घेऊन बैलगाडी वा ट्रक साखर कारखान्याच्या वाटेला लागतो तेव्हा. ज्याने उचल घेतली त्याने आपले वर्ष ते उगवण्यापूर्वीच विकलेले असते. याच शहरात मराठी घरावर गुढी उभी राहते त्या दिवशी कानडी आणि तेलुगू घरांत युगादी, उगादी असते, आणि कडुलिंब व गूळ सर्वांच्याच जिभेवर जातो. पण त्या एका सकाळी एकाच छपराखाली बसलेल्या चार माणसांची मुदत चार वेगवेगळ्या तारखांना संपत असते. म्हणून घराचा संकल्प असे जे आपण सहज म्हणतो, तो बहुधा कर्त्या पुरुषाचाच संकल्प असतो आणि इतरांनी त्यास मान डोलावलेली असते.

आता हा कर्ता पुरुष आपत्तीनंतर कोणता संकल्प करतो? अनुभव असा आहे, की गेले ते परत मिळवावयाचे, एवढेच त्याच्या मनात असते. गेलेली विहिरीची मोटार, मोडलेले सोने, अडलेले घराचे बांधकाम, आणि सर्वांत आधी, लोकांत गेलेली पत. हा संकल्प स्वाभाविक आहे. त्याला मी नावे ठेवीत नाही. पण त्यात एक मोठी उणीव आहे. वस्तू गेल्याची यादी घरात तोंडपाठ असते, माणसांनी काय सोसले याची यादी मात्र कोठेही लिहिलेली नसते, आणि जे लिहिलेले नसते ते नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकात येत नाही.

या गावाच्याच इतिहासातील एक प्रकरण आपल्यापुढे ठेवतो. जिला आपण जुनी गिरणी म्हणतो ती सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ साली, म्हणजे दक्षिणेतील भीषण दुष्काळ ऐन भरात असताना, सुरू झाली, आणि तिच्या भोंग्यावर या शहराची घड्याळे दोनतीन पिढ्या चालली. १९४९ च्या ऑगस्ट महिन्यात, कारभारातील गोंधळापायी, ती बंद पडली. हजारो कामगारांचे वेतन थांबले. नव्या वर्षात, ९ जानेवारी १९५० रोजी, केंद्र सरकारने खास या एका कंपनीसाठी वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. पुढे त्याचा कायदा झाला. चिरंजितलाल चौधुरी नावाच्या एका भागधारकाने त्या कायद्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि डिसेंबर १९५० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी त्याचा अर्ज फेटाळला. समानतेच्या हक्काचा अभ्यास करणारा कायद्याचा विद्यार्थी आजही हा निकाल वाचतो. भागधारकाचा कोणता हक्क बाधित झाला आणि कोणता झाला नाही, याची तपशीलवार, सुरेख भाषेतील चर्चा तेथे आहे. परंतु ऑगस्टपासून जानेवारीपर्यंतच्या त्या महिन्यांत गिरणीच्या चाळींतील कोणत्या खोलीत कोण अर्धपोटी झोपले, कोणत्या मुलीची पाटी दप्तरात कायमची बंद झाली, कोणत्या सासूने औषधाची बाटली पुन्हा भरून आणली नाही, याचे दप्तर कोणत्याही कचेरीत नाही. असावयास हवे होते, असे मी म्हणत नाही. न्यायालयाचे ते काम नव्हे. ते काम त्या खोलीचे होते, आणि बहुतेक खोल्यांनी ते केले नाही.

गिरण्या एकामागून एक थंडावत गेल्या, आणि हे शहर तरीही उपाशी मेले नाही, याचे श्रेय आपण चादरीला देतो. सोलापुरी चादरीचे आणि टॉवेलचे नाव जगात आहे, पूर्वभागातील पद्मशाली विणकरांचे कौशल्य वादातीत आहे, हे सर्व खरे. पण ज्या घरात माग थांबला त्या घराची चूल पेटती ठेवली ती बव्हंशी विडीने, आणि विडी वळणारे हात स्त्रियांचे होते. कारखान्यातून तेंदूची पाने आणि तंबाखू मोजून घ्यावी, पाने भिजवावी, कात्रीने बेताची कापावी, मांडीवर सूप घेऊन हजाराचा हिशेब पुरा होईपर्यंत वळत राहावे, आणि दुसऱ्या दिवशी तो माल कारखान्यात नेऊन द्यावा, तेथे छाटात काही विड्या गेल्या तर त्याही सोसाव्या. १९६६ साली विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, पुढे कल्याण निधी आला, तथापि घरात बसून केलेल्या श्रमाला घरातल्या माणसांनी श्रम म्हणावयास फार काळ लागला. पुरुषाची नोकरी गेली ही कुटुंबावरील आपत्ती ठरली. स्त्रीची पाठ गेली ही मात्र तिची वैयक्तिक तक्रार. तिने दुखणे अंगावर काढले, पोरीने पाने कापता कापता शाळा सोडली, आणि माग पुन्हा सुरू झाला त्या वर्षी घराने पहिला संकल्प कोणता केला? दुसरा माग घेण्याचा.

माझे आजचे म्हणणे एवढेच आहे. संकटाच्या काळात घराने बाहेरच्या सावकाराकडून जसे कर्ज घेतलेले असते, तसेच ते आतल्या माणसांकडूनही घेतलेले असते. बाहेरच्या कर्जाला रोखा असतो, व्याज असते, मुदत असते, प्रसंगी जप्ती असते. आतल्या कर्जाला यांपैकी काहीही नसते, म्हणून ते फेडण्याची निकड कधीच भासत नाही. आपत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी कुटुंबाने जे उद्दिष्ट ठरवावयाचे ते हे, की आतले देणे आधी मोजावे, आणि त्यातले निदान एकतरी त्या वर्षात फेडावे. बाहेरचे हप्ते बुडवा, असा याचा अर्थ कोणी करू नये. पण बाहेरचे सर्व फिटल्यावर मग घरातल्यांकडे पाहू, असे म्हणणाऱ्या घरात ती वेळ सहसा येत नाही.

हे मोजावे कसे? आपल्या जुन्या महसुली कारभारात एक शहाणपण होते, त्याची येथे मदत होते. पीक बुडाले, आणेवारी घसरली, म्हणजे सरकारपुढे तीन मार्ग असत. सारा त्या वर्षापुरता पुढे ढकलणे, ही तहकुबी. तो कायमचा सोडून देणे, ही सूट. आणि बी-बियाणे, बैल, विहीर यांसाठी रयतेस वेळेवर आगाऊ रक्कम देणे, ही तगाई. आजही पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली, की टंचाईच्या सवलती लागू होतात. नावे बदलली, तत्त्व तेच राहिले. ब्रिटिश अमदानीतील मामलेदाराने ही हत्यारे किती कंजूषपणे वापरली, हा निराळा आणि कडवट इतिहास आहे. हत्यारे मात्र चांगली होती, आणि घराला ती तंतोतंत लागू पडतात.

तहकुबी सर्वांना कळते, तेव्हा तिच्यावर वेळ घालवीत नाही. वरचा मजला, नवी मोटारसायकल, तिरुपतीची यात्रा, ही दोन वर्षांनी होतील. तहकूब केलेली गोष्ट तहकूब केली आहे असे सर्वांदेखत सांगावे, म्हणजे मुले ती रोज मागत नाहीत आणि बाप रोज ओशाळत नाही. एवढीच सूचना पुरे.

सूट देणे मात्र फार अवघड आहे, कारण तेथे पैसा सोडावयाचा नसून राग सोडावयाचा असतो. आपत्तीतून बाहेर पडलेल्या घरात कोणीतरी एक जण गुन्हेगार ठरलेला असतो. ज्याने भावाच्या नावावर कर्ज काढून दुकान घातले आणि ते टाळेबंदीत बुडाले, तो धाकटा. ज्याने द्राक्षबागेचा हट्ट धरला तो थोरला. ज्याचे बारावीचे वर्ष वाया गेले तो नातू. ‘मी तेव्हाच सांगितले होते’ हे वाक्य ज्याच्याकडे पाहून दर सणाला उच्चारले जाते तो कोणीही. सरकारने सारा माफ केल्यावर तलाठी पुढल्या वर्षी तो पुन्हा मागत नाही. घरात मात्र माफ केलेली बाकी दर पाडव्याला, दर लग्नाला, बहुधा जेवणाच्या पंक्तीत, पुन्हा वसुलीस निघते. ज्या घराला यंदा संकल्पच करावयाचा असेल त्याने असा एक जुना दोष निवडावा आणि तो कायमचा निर्लेखित करावा. यात क्षमेचे औदार्य दाखविण्याचा प्रश्न नाही, हा शुद्ध व्यवहार आहे. ज्याला रोज दोषी धरले जाते तो माणूस पुढचे कर्ज घरात सांगत नाही, आणि न सांगितलेले कर्ज हेच आपल्या या भागातील घरांचा खरा काळ ठरलेले आहे. बाप बांधावर एकटा बसतो, त्याच्या खिशातील नोटिशीत काय आहे हे बायकोला ठाऊक नसते. ते कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. याहून स्पष्ट बोलण्याची गरज नाही. कुटुंबातील सर्व प्रौढ माणसांना सर्व देणी रकमेसह ठाऊक असणे, हे कोणत्याही बचतीहून, कोणत्याही भिशीहून मोठे संरक्षण आहे, असे माझे ठाम मत आहे.

सुटीचा आणखी एक प्रकार आहे, तो प्रतिष्ठेच्या खर्चाचा. ज्या वर्षी घर बुडाले त्याच्या पुढल्या वर्षी थाटाचे लग्न निघते, हे मी पुष्कळ पाहिले आहे. आपण अजून उभे आहोत हे भावकीला दाखविण्याचा तो खटाटोप असतो. त्या मांडवातल्या भोजनाची किंमत शेवटी मुलीच्याच आईचे दागिने भरतात. अशा प्रतिष्ठेस जी सूट द्यावयाची ती पूर्ण द्यावी, निम्मी देऊ नये. निम्म्या थाटाने प्रतिष्ठाही राहत नाही आणि कर्जही चुकत नाही.

राहिली तगाई. घरात जे काही थोडे हाती येईल, नुकसानभरपाईचे असो, पोराने पुण्याहून पाठविलेले असो, त्यातला पहिला वाटा, मग तो कितीही लहान असो, ज्याने सर्वांत अधिक सोसले त्याच्यावर खर्च व्हावा. वस्तूवर नव्हे, माणसावर. आजीच्या डोळ्यांतील मोतीबिंदू राहून गेला असेल तर तो. विडी वळून जिची मान आणि कंबर आखडली तिची तपासणी आणि तिला आठवड्यातून एक वार सूप हाती न धरण्याची मुभा. त्या दिवशीचे पाणी भरणे आणि भाकरी थापणे कोणी करावयाचे, हेही त्याच बैठकीत नावानिशी ठरावे, अन्यथा मुभा तोंडी राहील. पोटाला चिमटा घेऊन ज्याने धाकट्यांना शिकविले त्या थोरल्याचे अर्धवट राहिलेले काम. तोंडमिळवणी करताना या रकमा खर्चाच्या बाजूस दिसतात म्हणून माणसे दचकतात. वस्तुतः त्या परतफेडीच्या आहेत.

येथे कोणी म्हणेल, की ज्या घरात दोन वेळची भाकरी अनिश्चित आहे तेथे हा जमाखर्च कसला मांडावयाचा? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. काही उद्दिष्टे एका घराच्या आवाक्याबाहेरचीच असतात. त्यासाठी हजार घरांनी एकत्र यावे लागते. या बाबतीत सोलापूरने महाराष्ट्राला धडा घालून दिला आहे. पत्र्याच्या, भाड्याच्या, पावसात गळणाऱ्या खोलीत विडी वळणाऱ्या स्त्रियांनी स्वतःचे घर हे उद्दिष्ट ठरविले, गोदूताई परुळेकरांच्या नावाने सहकारी गृहनिर्माण संस्था उभारली, कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे मोर्चे काढले, आणि २००६ साली कुंभारीच्या माळावरील दहा हजार घरांची ती वसाहत पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते लोकांच्या स्वाधीन झाली. पुढे त्याच परिसरात रे नगरची पंधरा हजार घरे उभी राहिली. त्यांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. राजकीय मते कोणाची काहीही असोत, ज्या बायकांच्या श्रमाला घरात श्रम म्हटले जात नव्हते त्यांनी जिद्दीने मिळविलेले हे घर आहे, आणि ते मागितल्यावाचून मिळालेले नाही. ज्यांचे घरातले देणे घरातून फिटणे शक्य नाही, त्यांनी ते अशा रीतीने समाजाकडे मागावे. त्यात संकोच कसला?

वेळ झाली आहे, तेव्हा एकच विनंती करून थांबतो. पाडव्याच्या दिवशी सूर्यास्ताला गुढी उतरली, गुळाचा नैवेद्य वाटला गेला, की उठू नका, तासभर बसा. थोरल्यांनी देणी वाचून दाखवावीत, धाकट्यांनी ती वहीत उतरवून घ्यावीत, आणि मग गेल्या पाचसहा वर्षांत या घरासाठी शाळा कोणी सोडली, असा प्रश्न विचारावा. पुष्कळ घरांत एका मुलीचे नाव निघेल. ती चौदा वर्षांच्या आतली असेल, तर शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जूनमध्ये तिच्या वयाच्या वर्गात तिला प्रवेश द्यावाच लागतो, जुना दाखला हाती नसला तरीही. त्याहून मोठी असेल, तर तिला खाजगी विद्यार्थिनी म्हणून थेट दहावीच्या परीक्षेला बसता येते. त्यासाठी मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, आणि त्याची मुदत परीक्षेच्या काही महिने आधीच संपते, म्हणून त्याची चौकशी जवळच्या माध्यमिक शाळेत जूनमध्येच करावी.